रविवारचं इंग्रजी

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला मिरजेच्या किल्ला भागातून कुणी परका माणूस चालत गेला असता, तर आपण चुकून भलत्याच देशात उतरलो की काय, असं त्याला नक्की वाटलं असतं. एरवी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला "काय वो, झाला का च्या?" म्हणून हटकणारी म्हातारी माणसं त्या वेळी आपापल्या खोलीत ताठ बसून, घसा खाकरून, मोठ्या आवाजात इंग्रजी बोलत असत. एका खिडकीतून ऐकू यायचं, "आय अ‍ॅम फाइन. आर यू ईटिंग वेल?" पलीकडच्या खिडकीतून, "शी गोज टु टेम्पल. आय वॉटर द प्लांट्स." आणि हजारो मैलांवरून त्यांची पोटची पोरं तितक्याच जपून उत्तरं देत असत. आईबाप मराठी, पोरं मराठी, आणि रविवारचं बोलणं मात्र इंग्रजी. एखाद्याला हसू आलं असतं, पण मिरजेत ह्याला आता कुणी हसत नसे.

ह्या सगळ्याला कारण होती एक तबकडी. पुरीपेक्षा मोठी, भाकरीपेक्षा लहान, पांढरी, गुळगुळीत. तिचं नाव खुशाली. फोनच्या शेजारी ठेवून द्यायची. ती पलीकडच्या माणसाचं बोलणं ऐकायची, फोन ठेवला की क्षणभर विचारात पडल्यासारखी गप्प राहायची आणि मग तिच्या कडेला दिवा लागायचा. हिरवा लागला तर आपलं माणूस बरं आहे. पिवळा लागला तर लक्ष ठेवा. तांबडा लागला तर उठा आणि निघा. कुपवाडच्या एका बापाची तबकडी अशीच एकदा तांबडी झाली होती. मुलगा तर "सगळं ठीक आहे" म्हणत होता. बापाने त्याचं न ऐकता विमान गाठलं, आणि थोडा जरी उशीर झाला असता तर पोरगा हाती लागला नसता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं. ही गोष्ट गावात पसरली आणि ज्या ज्या घरातलं कुणी परदेशी होतं त्या त्या घरात तबकडी आली.

अडचण एकच होती. तबकडीला फक्त इंग्रजी कळायचं.

म्हणून तर कुरणेबाईंचा वर्ग चालत होता. स्मिता कुरणे शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि निवांत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. लक्ष्मी मार्केटजवळच्या एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्या संध्याकाळी आजीआजोबांना इंग्रजी बोलायला शिकवायच्या. शेक्सपिअर वगैरे नाही. आय, यू, ही, शी, वी, दे, आणि त्यांच्यापुढे लागणारी रोजची क्रियापदं. खाणं, चालणं, झोपणं, जाणं, येणं. माणसाचं निम्मं आयुष्य तेवढ्यातच भागतं, असं त्या म्हणायच्या.

त्या शुक्रवारी वर्गात खोतदादा जरा चिडूनच आले होते. त्यांची बेडगला द्राक्षाची बाग, मुलगा टोरांटोला.

"बाई, गेल्या रविवारी माझा दिवा पिवळा आला की वो. पोरगं म्हणतंय समदं बरं हाय. आता इश्वास ठेवायचा कुणावर, पोरावर का दिव्यावर?"

"काय म्हणाला तो? जसंच्या तसं सांगा," कुरणेबाई म्हणाल्या.

खोतदादांनी आठवून आठवून सांगितलं. दे गिव्ह मी नाइट शिफ्ट. इट इज कोल्ड. दे चेंज द रूम. इट हॅपन्स.

बाईंनी ती वाक्यं फळ्यावर लिहिली आणि खडू टेबलावर ठेवला. "ह्यात तुमचा मुलगा कुठे आहे, दादा?"

खोतदादा फळ्याकडे बघत राहिले.

"इंग्रजी वाक्याला एक सवय आहे," बाई म्हणाल्या. "करणारा माणूस दारात उभा केल्याशिवाय ते पुढे सरकतच नाही. प्रत्येक क्रियापदाला सांगावं लागतं, हे कुणी केलं. मी, तू, तो, की ते लोक. खुशाली तेवढंच टिपते. बोलण्याचा अर्थ ती फारसा बघत नाही. 'मी'च्या वाट्याला कुठली क्रियापदं येतात ते बघते. माणूस धडधाकट असला की त्याचा 'मी' काहीतरी करत असतो. शिजवतो, चालतो, भांडतो, विसरतो. खचला की त्याच्याकडची क्रियापदं एकेक करून निघून जातात. मग लोक त्याला सांगतात, लोक त्याला देतात, सगळं आपोआप घडतं, आणि तो कडेला उभा राहतो. ह्याची यंत्रात एक रेषा निघते. तिला कर्तारेषा म्हणतात. मुलाशी बोला. रूम का बदलली ते विचारा."

"मग हे मराठीत का नाही होत?" मागून पाटीलवहिनींनी विचारलं. त्या दर वर्गाला हेच विचारायच्या, कारण त्यांना उत्तर ऐकायला आवडायचं.

"केलं होतं की त्यांनी मराठीत," बाई हसून म्हणाल्या. "आपण 'जेवले' म्हणतो आणि मोकळे होतो. कोण जेवलं ते त्या शब्दाच्या पोटातच. शिवाय आपल्याला भूक लागते, राग येतो, आठवण होते. आपण स्वतः काहीच करत नाही. यंत्राला वाटलं अख्खा महाराष्ट्र अंथरुणाला खिळलाय. घरोघरी तांबडे दिवे लागले. तेव्हा त्यांनी मराठीचा नाद सोडला."

वर्ग हसला. बाईही हसल्या. पण जिना उतरताना त्यांचं हसू कुठल्या कुठे गेलं, कारण दुसऱ्या दिवशी शनिवार होता, आणि शनिवारी त्यांच्या घरात एक वेगळा वर्ग चालायचा. त्या वर्गाबद्दल गावात कुणालाच माहीत नव्हतं.

त्या वर्गाला विद्यार्थी एकच. उदय कुरणे, वय सदुसष्ट, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त.

दोन वर्षांमागे उदयरावांनी एकदा चहात मीठ घातलं आणि दोघंही पोट धरून हसली. मग ते बाजारातून परत येताना रस्ता चुकले. मग शेजाऱ्यांची नावं गेली. आता सकाळी उठल्यावर बायकोकडे बघून त्यांच्या चेहऱ्यावर जो एक सभ्य गोंधळ दिसायचा, तो बघवत नसे. डॉक्टर म्हणाले, हे आता उतरणीचं काम. बाईंनी ऐकलं, रडून घेतलं, आणि ठरवलं की ऋजुताला कळू द्यायचं नाही.

ऋजुता त्यांची एकुलती एक मुलगी. ऑस्ट्रेलियात पर्थला समुद्राच्या पाण्यावर संशोधन करायची. तिथल्या कायमच्या वास्तव्याचा अर्ज अगदी शेवटच्या टप्प्यावर होता. वर्षभर तिने देश सोडता कामा नये. सोडला तर सात वर्षांची मेहनत पाण्यात. आणि बापाची अशी अवस्था कळल्यावर ती एक दिवससुद्धा थांबणार नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यात तिच्याकडेही तबकडी होती. इथली तबकडी ऋजुताला ऐकायची आणि तिथली आईबाबांना. नुसतं "बाबा झोपलेत" म्हणून किती रविवार निभावणार?

म्हणून शनिवारी दुपारी, जेवणं झाली की, बाई उदयरावांसमोर पाट टाकून बसायच्या.

"म्हणा. आय अ‍ॅम फाइन."

"आय अ‍ॅम फाइन."

"आय वॉक डेली."

"आय वॉक डेली," उदयराव म्हणायचे. आणि मग, "मी रोज चालतो का हो?"

"चालता. म्हणा, आय रीड द पेपर."

एकदा बसलं की बसलं, असं त्या आजाराचं काहीतरी विचित्र होतं. नवीन काही टिकत नव्हतं, पण घोकलेलं मात्र सुरात म्हटल्यासारखं यायचं. आय अ‍ॅम फाइन, आय वॉक डेली, आय रीड द पेपर, वी मिस यू. चारही वाक्यांत 'मी' आणि 'आम्ही' स्वतःच्या पायांवर उभे. बाईंनी ती मुद्दाम तशी निवडली होती. यंत्र काय शोधतं हे त्यांच्याइतकं मिरजेत कुणाला कळत होतं? आणि दुपारभर घोकून झाल्यावर उदयराव थकून झोपले की त्यांच्या अंगावर चादर घालताना बाईंना स्वतःचा राग यायचा. पण तो तेवढ्यापुरता.

रविवारी फोन आला. चित्राशिवाय, नुसता आवाज. आवाज स्वच्छ पोचतो म्हणून तसं करू या, असं बाईंनीच सुचवलं होतं, आणि ऋजुताने एका शब्दाने हरकत घेतली नव्हती. तेव्हा बाईंना किती हायसं वाटलं होतं.

ऋजुताचं इंग्रजी नेहमीप्रमाणे देखणं. आय फिनिश्ड द रिपोर्ट. आय बॉट मँगोज. वी वेंट टु द बीच. अद्वैत, म्हणजे जावई, उशिरापर्यंत काम करून झोपला होता. ही मेड पोहा यस्टरडे, असं ती सांगत होती, ही पुट टू मच साखर. शेवटच्या शब्दाला ती हसली, आणि बाईही हसल्या. मग उदयरावांनी आपली चार वाक्यं म्हटली. एकही चुकलं नाही.

फोन ठेवल्यावर तबकडी हिरवी झाली. नेहमीच व्हायची. वर्गातल्या लोकांना त्या हिरव्या दिव्याचा हेवा वाटायचा, आणि खरं सांगायचं तर बाईंना त्या हेव्याचं थोडं सुखही वाटायचं.

मंगळवारी सकाळी झीनत आली.

झीनत सतारमेकर ही त्यांची जुनी विद्यार्थिनी. तिचे आजोबा तंबोरे करायचे. ही मात्र भाषा आणि यंत्रं असं दोन्ही शिकून खुशालीच्याच कंपनीत लागली होती. तिने चहा घेतला, उदयरावांना "काका, कसे आहात?" विचारलं. त्यांनी "आय अ‍ॅम फाइन" म्हटलं तेव्हा ती जरा थबकली. ते आत जाऊन पडल्यावर तिने तबकडी उलटी करून तिला एक तार जोडली.

"तुमची तबकडी बिघडलीय का, ते बघायला पाठवलंय मला, बाई."

"बिघडायला काय झालं? दर रविवारी लागते की हिरवी."

"म्हणूनच तर." झीनतने हातातल्या यंत्राचा पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यावर एक रेषा होती, चढणारी, उतरणारी, मध्येच खड्ड्यात जाणारी. "ही एका भल्या घरातल्या मुलीची कर्तारेषा आहे. नाव सांगत नाही. मजेत आहे ती. पण एखाद्या रविवारी तिचं डोकं दुखत असतं, एखाद्या रविवारी ती आईवर वैतागते. खऱ्या माणसाची रेषा अशी असते." मग तिने दुसरी रेषा दाखवली. ताणून बांधलेल्या दोरीसारखी सरळ. "ही तुमच्याकडची."

"म्हणजे, आमच्या दोघांची? पर्थला ऐकू जाते ती?" बाईंनी विचारलं. चोरी पकडली गेली असंच त्यांना वाटलं, आणि काय सांगायचं ह्याची जुळवाजुळव त्या मनात करू लागल्या.

"तुमची पण सरळच आहे," झीनत हळूच म्हणाली. "पण मी दाखवतेय ती ऋजुताची."

बाहेर कुणीतरी बादली आपटली. बाईंनी पडदा हातात घेतला, जवळ नेला, लांब धरला. रेषा होती तशीच होती.

"ह्या घराच्या दोन्ही टोकांच्या रेषा सरळ आहेत," झीनत म्हणाली. "कंपनीला वाटतं यंत्रात दोष आहे. मी तपासलं. यंत्र ठीक आहे." ती तार गुंडाळत राहिली. "बाई, राग मानू नका. तुमच्या वर्गात आम्ही सगळ्या अशीच उत्तरं द्यायचो. तुम्हाला कुठलं वाक्य हवंय ते आधी ओळखायचं आणि तेच द्यायचं. ऋजुता आमच्यात सगळ्यांत हुशार होती."

"तू कंपनीला काय सांगणार आहेस?"

"तबकडी बदलली म्हणून सांगेन," झीनत म्हणाली. "पुढचं तुम्ही बघा."

झीनत गेल्यावर बाईंच्या जिवाला चैन पडेना. त्यांनी धुतलेली भांडी पुन्हा धुतली. फोन उचलला, ठेवला. उदयरावांना जेवायला वाढताना आमटी ताटाबाहेर सांडली. संध्याकाळी वर्ग होता, तर पाटीलवहिनींनी काहीतरी विचारलं आणि बाई नुसत्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. "बाई, बरं नाही का?" असं पाटीलवहिनींनी विचारलं, तर बाई सवयीने म्हणाल्या, "आय अ‍ॅम फाइन." मग त्यांनी अर्ध्यातच वर्ग सोडला आणि चालत सुटल्या. मार्केट मागे पडलं, दवाखान्यांच्या पाट्या मागे पडल्या, स्टेशनचा पूल आला तेव्हा आपण इकडे कशाला आलो, असा प्रश्न त्यांना पडला.

एक रेषा का सरळ होती, ते त्यांना माहीत होतं. ती त्यांनी स्वतःच दर शनिवारी ओढली होती. मग दुसरी कोण ओढत होतं? आणि कशावर पांघरूण घालायला?

पुलावर त्या उभ्या राहिल्या. त्यांच्या घरातली जुनी शिस्त आठवली. ऋजुता शाळेत असताना रात्रीच्या जेवणाला इंग्रजीतच बोलायचं, असा नियम होता, आणि तक्रार करायची असेल तर ती पूर्ण वाक्यात. अर्धवट, रडत, मराठीत सांगितलेली तक्रार बाई ऐकूनच घेत नसत. एकदा पोरगी सायकलवरून पडून आली. गुडघा सोललेला, मोजा रक्ताने भिजलेला. दारात उभी राहून ओठ हलवत ती वाक्य जुळवत होती. आय हॅव फॉलन डाउन अँड आय हॅव हर्ट माय नी. एकही चूक नव्हती. बाईंनी आधी शाबासकी दिली होती आणि मग हळद लावली होती. ही गोष्ट त्यांनी कितीतरी जणांना कौतुकाने सांगितली होती.

आता मात्र ती शाबासकीच त्यांना सलू लागली.

अद्वैतचा आवाज आपण शेवटचा कधी ऐकला? त्या आठवू लागल्या. तो झोपलेला असायचा, पोहायला गेलेला असायचा, पोहे करायचा, साखर जास्त घालायचा. प्रत्येक रविवारी त्याच्या नावावर दोनतीन ताजी क्रियापदं असायची. खुद्द तो मात्र एकदाही फोनवर आला नव्हता. आणि त्यांना ते खटकलं नव्हतं, कारण त्या स्वतः आपल्या 'ही'ला चालायला आणि पेपर वाचायला लावण्यात गुंतल्या होत्या.

बुधवारी दुपारी त्यांनी तबकडीची वायर काढली, तबकडी एका रुमालात गुंडाळली आणि तांदळाच्या डब्यात खाली दाबून ठेवली. मग फोन लावला. पर्थला तेव्हा ऑफिस सुटून ऋजुता घरी पोचलेली असायची.

"आई? व्हॉट हॅपन्ड?" ऋजुताचा आवाज लगेच ताठ झाला. "इज बाबा ओके?"

"तबकडी चालू आहे का तुझ्याकडची?"

"व्हाय आर यू..."

"ऋजू, ती बंद कर. मी मराठीत बोलणार आहे."

पलीकडे काहीतरी हलवल्याचा आवाज आला. गेली तीन वर्षं दोघी मायलेकी एकमेकींशी मराठीत बोलल्या नव्हत्या. तीन वर्षं म्हणजे काही फार नव्हेत, पण आता सुरुवात कुठून करायची, ते दोघींनाही कळेना.

"काय करतेस?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. बसलेय."

"अद्वैत कुठाय?"

ऋजुताने उत्तर दिलं नाही. बाईंनीही वाक्य पूर्ण करायला सांगितलं नाही. त्या नुसत्या फोन कानाला लावून उभ्या राहिल्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मुलीच्या अर्धवट उत्तराला वेळ दिला असेल.

"गेला," ऋजुता शेवटी म्हणाली. "गेल्या दिवाळीच्या आधीच. भांडण नाही, काही नाही. एक दिवस म्हणाला, माझ्याच्याने होत नाही. मग... आई, सांगता नाही आलं. तुला वाटलं असतं..." आणि मग तिला हुंदका आवरेना. मध्ये मध्ये शब्द येत होते, त्यांना ना सुरुवात होती ना शेवट. घर मोठं वाटतं. झोप लागत नाही. पोहे करते आणि टाकून देते. बाई "हं, हं" करत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"मला का नाही बोललीस गं?"

"तुझा दिवा तांबडा झाला असता. तू बाबांना सोडून इकडे धावली असतीस. नाहीतर बाबांनाच घेऊन आली असतीस, ह्या वयात."

बाईंना हसू आलं, आणि त्या हसण्याचं मध्येच रडणं झालं. दोघी एकमेकींना वाचवत बसल्या होत्या. बाईंनी मग सगळं सांगितलं. मीठ घातलेला चहा, चुकलेला रस्ता, शनिवारची घोकंपट्टी. सांगताना त्यांनी स्वतःला जराही सोडलं नाही. ऋजुता ऐकत होती.

"मी येते," ती म्हणाली.

"येऊ नकोस. वर्ष काढ. मी आहे ना."

"आई, बाबांना दे फोन."

"ऋजू, ते..."

"दे ना."

उदयराव खिडकीपाशी बसून रस्त्यावरची वर्दळ बघत होते. बाईंनी फोन त्यांच्या हातात ठेवला. फोन हातात आल्याबरोबर त्यांची पाठ ताठ झाली. त्यांनी घसा खाकरला.

"आय अ‍ॅम फाइन," ते म्हणाले. "आय वॉक डेली. आय रीड द पेपर. वी मिस यू."

"बाबा," ऋजुता म्हणाली. फोनचा आवाज मोठा होता, बाईंना सगळं ऐकू येत होतं. "बाबा, आज इंग्रजी नको. मराठीत बोला माझ्याशी."

उदयरावांनी बायकोकडे पाहिलं. परीक्षेत न शिकवलेला प्रश्न आला तर मुलं बघतात तसं. मग त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला आणि पार्सल ऑफिसच्या खिडकीतून ते ज्या अदबीने लोकांशी बोलत, त्या अदबीने त्यांनी विचारलं, "आपण कोण बोलताय?"

बाईंनी फोन घ्यायला हात पुढे केला, पण उदयरावांनी तो दिला नाही. पाहुण्याशी बोलताना मध्ये हात घालू नये, असं त्यांच्या डोळ्यांत होतं.

"मी फोन करते ना तुम्हाला," ऋजुता म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान झाला होता. "दर रविवारी."

"असं होय," उदयराव म्हणाले. "आमची मुलगीसुद्धा करते रविवारी. परदेशात असते ती. फार हुशार." ते थोडं पुढे झुकले आणि आवाज खाली आणून, विश्वासात घेतल्यासारखं म्हणाले, "पण ती इंग्रजीत बोलते. मला त्यातलं फारसं काही कळत नाही हो. तरी मी आपलं पाठ करून ठेवतो. तिला वाईट नको वाटायला." मग ते हसले. कित्येक महिन्यांत ते असे मोकळे हसले नव्हते. "तुमच्याशी मराठीत बोललो, बरं वाटलं. कधीही करत जा फोन."

त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला. "चांगली बाई आहे," ते म्हणाले. "बोल तू."

बाईंनी फोन कानाला लावला. पलीकडे ऋजुता रडत नव्हती. ती काहीतरी म्हणायचं ठरवत होती आणि पुन्हा थांबत होती, एवढं त्यांना कळत होतं. बाईंनी वाट पाहिली. खिडकीपाशी उदयराव पुन्हा रस्त्याकडे बघत बसले होते.

"आई," शेवटी ऋजुताने विचारलं, "येत्या रविवारी मी कोण म्हणून फोन करू?"